आलेखाच्या टोकाला मारलेली गाठ

शाळेतली मुलं तिला बटणकाकू म्हणायची. हे नाव तिने कधी मागितलं नव्हतं आणि कधी नाकारलंही नाही.

शाळा न दिसणाऱ्या मुलांची होती, वरच्या मजल्यावर वसतिगृह. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे, एका कापडाचे. धुऊन, घडी होऊन आले की कुणाचा कुठला हे हाताला कळायचं नाही, आणि रोज सकाळी न्हाणीघराबाहेर हमरीतुमरी व्हायची. ती कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिने हा तमाशा पाहिला. मग घरून जुन्या बटणांचा डबा आणला आणि प्रत्येकाच्या कॉलरच्या आत, मानेला टोचणार नाही अशा बेताने, एकेक वेगळं बटण शिवून टाकलं. कुणाला चौकोनी, कुणाला चार भोकांचं, कुणाला कडेला कंगोरे असलेलं. मुलं सदरा हातात घ्यायची, अंगठा कॉलरमध्ये सरकवायची आणि म्हणायची, "हा माझा." भांडण तिथेच मिटलं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही कॉलरवर लाल दोऱ्याने नावं काढत होतो हो. कुणी वाचावीत म्हणून, देव जाणे."

काकूंची खोली जिन्याखाली होती. एक खिडकी, पायाने चालवायचं मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीलगत उसवलेल्या कपड्यांचं गाठोडं, जे कधी संपायचं नाही. अभ्रे, पडदे, सदऱ्यांच्या फाटलेल्या बाह्या, सगळं तिच्याकडे यायचं. पहिला टाका घालताना ती देवाचं नाव घ्यायची. मोठ्याने नाही, ओठ हलायचे एवढंच. आणि शेवटच्या टाक्यानंतर गाठ. आईने हातात सुई दिली तेव्हाच बजावलं होतं की गाठ मारल्याशिवाय सुई खाली ठेवलेली मला चालणार नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती गाठ काही सुटली नव्हती. काकूंनी शिवलेलं उसवून परत आलं असं कुणी सांगू शकलं नसतं, आणि याचा तिला थोडा अभिमान होता. अभिमान धरू नये हे तिला माहीत होतं, म्हणून ती तो थोडाच धरायची.

घरी नवरा आणि ती, दोघंच. मूल झालं नाही. नवऱ्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं, घराला लागूनच. तो म्हणायचा, "तू सदऱ्याची भोकं बुजवतेस, मी ट्यूबची. आपलं लग्न जुळवणारा मोठा हुशार असणार."

एके दिवशी गणिताचे सर जिन्याखाली आले. सर तरुण होते, उंच होते, आणि त्या खोलीत शिरताना वाकायला दर वेळी विसरायचे.

"आई गं," कपाळ चोळत ते म्हणाले. "काकू, तुम्हाला रेघ शिवता येईल?"

"येईल की. कशावर?"

"पुठ्ठ्यावर."

"पुठ्ठा कोण घालणार अंगात?"

सर हसले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. कागदावर हाताला लागतील अशा उठलेल्या रेघांची चित्रं काढणारं शाळेचं यंत्र बंद पडलं होतं आणि त्याचा सुटा भाग कुठे मिळत नव्हता. दहावीच्या पुढच्या वर्गाला आलेख शिकवायचे तर ते मुलांच्या बोटांना लागायला हवेत. सरांनी कागदावर काढून दाखवलं. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, त्यांच्यावर आकड्यांच्या खुणा, आणि मधून जाणारी एक वळणदार रेघ, म्हणजे आलेख.

"आडवी-उभी जाड दोरीची करा. खुणांना एकेक आडवा टाका. आलेख लोकरीचा, म्हणजे वेगळा लागेल. आणि हे बघा, टोकाला असा भरलेला ठिपका असेल तर मणी लावा. रिकामं गोल असेल तर कडी लावा, मधे मोकळी. आणि बाण असेल तर दोन तिरके टाके."

"मणी, कडी, बाण," काकू म्हणाल्या. "त्यांचा अर्थ काय ते मला नका सांगू, डोक्यात गोंधळ होईल."

हे त्या म्हणाल्या आणि सरांनीही ते ऐकलं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे होतं, पण त्या दिवशी दोघांनाही हे बोलणं शहाणपणाचंच वाटलं.

पहिले पुठ्ठे झकास झाले. दाभणाने भोकं पाडायची, लोकर ओवायची, मागे गाठ मारायची. सर खूष, मुलं खूष. फक्त एक अडचण निघाली. पुठ्ठे एकावर एक रचून कपाटात ठेवले की वरच्याच्या मागच्या गाठी खालच्याच्या लोकरीत अडकायच्या, आणि पुठ्ठा ओढला की खालचा आलेख उसवून यायचा. काकूंनी शिवलेलं उसवून परत आलं. त्यांना ते लागलं. दुसऱ्या खेपेपासून त्यांनी पद्धतच बदलली. लोकर पुढच्या बाजूला काढून, आलेखाच्या अगदी टोकाला, बारीक आणि घट्ट गाठ मारायची, वर लोकरीचा उरलेला दोरा कापून टाकायचा. मागची बाजू गुळगुळीत झाली, पुठ्ठे सुखाने एकमेकांवर बसले. गाठ लोकरीच्याच रंगाची, डोळ्याला दिसायचीही नाही. काकूंनी स्वतःवरच खूष होऊन त्या दिवशी चहात साखर जरा जास्त घातली.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणायचे. नाव तिला शोभायचं. सर म्हणाले सूर्य पूर्वेला उगवतो, तर ती विचारायची, कुणाच्या पूर्वेला. सकाळच्या दुधापासून रात्रीच्या दिव्यापर्यंत, जो तिला दिसायचाही नाही, तिचा सगळ्याशी वाद चालायचा. तिच्या कॉलरमध्ये काकूंनी मुद्दाम तिकोनी बटण शिवलं होतं. "टोकं आहेत म्हणून तुला दिलं," त्यांनी सांगितलं होतं. मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि तिची बोटं अशी होती की काकू कधीकधी काम सोडून त्यांच्याकडे बघत बसायच्या. सुईत दोरा ती जिभेच्या टोकाने ओवायची, काकूंपेक्षा लवकर. असे हात आपल्या हाताखाली असते तर, असं काकूंच्या मनात यायचं, आणि मग त्या ते मनातच घडी करून ठेवायच्या.

एका गुरुवारी दुपारी ही वकील जिन्याखाली आली, भिंतीला हात लावत लावत. स्टूल शोधून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. काकूंना काळजी वाटली, कारण ही मुलगी गप्प म्हणजे तिला ताप तरी असणार.

"काकू, मला शिवण शिकवा."

"का गं? गणित संपलं?"

"संपल्यातच जमा आहे. शनिवारी सर मोठ्या बाईंना सांगणार, पुढे गणित कोण घेणार आणि हस्तकलेला कोण जाणार. मला आलेखच येत नाहीत. सुरुवातीला येत होते. पहिल्या चाचणीत सगळ्यांत जास्त गुण मला होते, विचारा हवं तर. आणि मग येईनासेच झाले. डोक्याला गंज चढतो का हो, काकू?"

"तुझ्या डोक्याला? गंजाला तेवढी सवड कुठून मिळायची?"

मुलगी हसली नाही. काकूंनी तिच्या हातात कापडाचा तुकडा आणि सुई दिली. मुलीने टाके घालायला घेतले, आणि काकूंनी बघितलं, ते टाके असे एकसारखे पडत होते की जणू कुणी पट्टी धरली आहे. मनात एक गोड विचार येऊन गेला. ही पोर हस्तकलेला आली तर माझ्याकडेच येईल. रोज येईल. देवाने एवढी वर्षं दिलं नाही ते असं दारात आणून ठेवलं म्हणायचं का?

पण मुलीचा चेहरा कापडाकडे नव्हता. तो कुठेच नव्हता.

"नेमकं अडतं कुठे?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला काय कळणार त्यातलं."

"नाही कळणार. तू सांग, मी ऐकते. हात चालू ठेव."

मुलीने सुस्कारा सोडला, पण वकील ती वकीलच, कुणी ऐकतंय म्हटल्यावर तिला राहवेना. "आडव्या दोरीवर आपण द्यायचे आकडे असतात. उभ्या दोरीवर त्यांची मिळणारी उत्तरं. आलेख म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं उत्तर, ते सगळं एकत्र. सर विचारतात, प्रांत सांग आणि विस्तार सांग. प्रांत म्हणजे कुठले कुठले आकडे देता येतात. विस्तार म्हणजे कुठली कुठली उत्तरं निघतात. समजलं?"

"नाही."

"बरं. तुम्ही इस्त्री करता ना? समजा हा सगळा लोकरीचा आलेख तुम्ही वरून आणि खालून दाबत आणलात, आडव्या दोरीवर पार चपटा करून बसवलात. दोरीचा जेवढा भाग झाकला गेला, तेवढा प्रांत. तोच आलेख बाजूंनी ढकलत उभ्या दोरीवर चपटा केलात, तर जेवढी दोरी झाकली, तेवढा विस्तार."

काकूंचा हात थांबला. "म्हणजे कपडा बेतताना बघतो तसं. रुंदीला कुठून कुठपर्यंत आणि उंचीला कुठून कुठपर्यंत."

"हो. तसंच. मग म्हणता कळणार नाही."

"मग तुला हे एवढं येतंय तर चुकतं काय?"

"टोकं चुकतात."

टेबलावर दुरुस्तीला आलेला एक पुठ्ठा पडला होता. काकूंनी तो तिच्यापुढे सरकवला. वाटीसारखा आलेख होता, दोन्ही बाजू वर चढत गेलेल्या. मुलीने डाव्या हाताचं बोट आडव्या दोरीवर ठेवलं आणि उजव्याने लोकर धरली. बोटं वाटीच्या तळाशी गेली, खुणा मोजत थांबली, मग एका कडेने वर चढली, मग दुसऱ्या.

"प्रांत, उणे तीनपासून तीनपर्यंत, दोन्ही टोकं धरून. विस्तार, उणे दोनपासून सातपर्यंत, तीही धरून. सर म्हणतात चूक. सर म्हणतात सगळे आकडे चालतात, आणि उत्तरं उणे दोनपासून वर कितीही."

"का?"

"टोकाला बाण आहे म्हणून. बाण म्हणजे आलेख इथे संपत नाही, पुठ्ठा संपतो म्हणून आपण थांबलो, तो पुढे जातच राहतो. ते मला माहीत आहे, काकू. पण बाणाच्या टोकावर ठिपकाही आहे, भरलेला. ठिपका म्हणजे इथे थांबला, आणि हे टोकही त्याच्यात आलं. बाण म्हणतो जा, ठिपका म्हणतो थांब. मी सरांना विचारलं, दोन्ही कसं? ते म्हणाले, बाणाचं टोकच तुझ्या बोटाला ठिपका लागतंय, नीट चाचप. मी नीटच चाचपते. आमच्या वर्गातला तो 'होसर' तर चाचपतही नाही, सरांनी सांगितलं की लगेच हो सर म्हणतो, आणि त्याचं बरोबर येतं."

"ठिपका?" काकू म्हणाल्या. "अगं, या आलेखाला मी मणी लावलाच नाही."

"लावलाय. दोन्हीकडे."

काकूंनी पुठ्ठा उजेडात धरला. दोन तिरके टाके, बाण, बस्स. दुसरं काही नव्हतं. "कुठाय? मला तर दिसत नाही."

"मलाही दिसत नाही," मुलगी म्हणाली. "हात लावा."

काकूंनी हात लावला, पण डोळे उघडे ठेवून, आणि डोळ्यांनी हाताला बोलू दिलं नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डोळे मिटले. लोकरीवरून बोट वर नेलं. लोकर, लोकर, लोकर, मग दोन्ही बाजूंना तिरके टाके, आणि त्यांच्या बरोबर मधे, टोकावर, एक टणक, गोल, मण्याएवढी गाठ.

त्यांची गाठ. आईने शिकवलेली.

आयुष्यात त्यांनी किती गाठी मारल्या असतील त्याला सुमार नव्हता, पण गाठ अशी कधी हाताला लागली नव्हती. गाठ म्हणजे काम संपलं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कपाटातून बाकीचे पुठ्ठे काढले आणि डोळे मिटून एकेक चाचपला. जिथे कडी होती तिथे तर आणखीच घोटाळा होता. लोकर कडीत संपवून गाठ त्यांनी नेमकी कडीच्या मधे मारली होती. रिकामं ठेवायचं ते भरून टाकलं होतं.

"काय झालं?" मुलीने विचारलं. "काकू? तुम्ही गप्प का?"

"तुझं डोकं गंजलेलं नाही," काकू म्हणाल्या. "सुई ठेव. सरांकडे जाऊ."

पण सर त्या दिवशी लवकर गेले होते. जिन्यात मोठ्या बाई भेटल्या. काकूंच्या शेजारी त्या मुलीला बघून त्यांना बरं वाटलं. "आली का तुमच्याकडे? चांगलं झालं. हात आहे तिच्यात. तुम्हालाही कुणी हाताखाली हवंच होतं." काकूंनी मान हलवली. हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. मुलगी वर निघून गेल्यावर त्या थोडा वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काही बोलायची गरज नाही, एवढंच एक वाक्य मनात येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही.

घरी नवरा एका सायकलचं चाक उलटं करून बसला होता. काकूंनी पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"मग गाठ मारू नकोस," तो म्हणाला.

"गाठ न मारता लोकर राहील कशी? ओढली की सरकन बाहेर."

"मागे मार."

"मागे मारली की खालच्यात अडकते. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं."

नवऱ्याने पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, बोटाने भोकं दाबून पाहिली. मग पंक्चरचा डबा ओढला. जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापला, कानशीने घासला. पुठ्ठ्याच्या मागे लोकरीचं टोक आडवं निजवलं, वर सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळू दिलं आणि तुकडा अंगठ्याने चेपून बसवला.

"ओढ."

काकूंनी पुढून लोकर ओढली. हलली नाही. मागे हात फिरवला, गुळगुळीत. पुढे हात फिरवला, बाण आणि मग नुसता पुठ्ठा.

"पन्नास वेळा पावसाचिखलातून गेली तरी सुटायची नाही," तो म्हणाला. "पुठ्ठा भिजेल, ते माझ्याकडे नाही."

"तुमच्या हाताला वास किती येतो."

"आता तुझ्या गणितालाही येईल."

त्या हसल्या. मग चाक हातात फिरवत तो सहज म्हणाला, "पोर तुझ्याकडे आली असती, नाही?"

"आली असती."

"मग?"

"मग काय. देवापुढे दिवा लावताना तोंड कुठे लपवू?"

त्याने मान डोलावली आणि दुसरा तुकडा कापायला घेतला.

शुक्रवारी सकाळी जिन्याखाली शिरताना सरांनी कपाळ आपटून घेतलं, आणि त्यांच्या 'आई गं'वर काकू म्हणाल्या, "सर, चूक पोरीची नाही. माझ्या गाठीची आहे. बसा आणि डोळे मिटा."

सर बसले. त्यांनी डोळे मिटले. काकूंनी त्यांचा हात धरून लोकरीवर ठेवला, लहान मुलाला अक्षर गिरवायला देतात तसा. बोट टोकाला पोचलं आणि गाठीवर अडलं. मग त्यांनी कडीवर हात नेला.

"तिने मला तीनदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी दर वेळी वाकून पाहिलं. डोळ्यांनी." मग म्हणाले, "काकू, त्या दिवशी मण्याचा आणि बाणाचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा होता."

"मीच नको म्हटलं होतं."

"तरी."

पण उद्या मोठ्या बाईंना उत्तर द्यायचं होतं, आणि मोठ्या बाईंना गाठीची गोष्ट सांगून भागणार नव्हतं. त्यांना मुलीला येतं की नाही एवढंच हवं होतं. सरांनी पुस्तकात नसलेला नवा आलेख कागदावर काढला. काकूंनी तो शिवला, या वेळी प्रत्येक खुणेचा अर्थ विचारून घेऊन, आणि पाठीमागे रबराचे तुकडे लावले.

शनिवारी जिन्याखालच्या खोलीत मोठ्या बाई खुर्चीवर, सर दारात वाकून, काकू मशीनपाशी. मुलगी टेबलाशी बसली. तिला गाठीचं सगळं कळलं होतं, पण आज तिला आपला विजय झाल्यासारखं काही वाटत नसावं.

"प्रांत आणि विस्तार," सर म्हणाले. "घाई नाही."

मुलीने आधी दोन्ही दोऱ्या शोधल्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे अंगठा रोवला. मग लोकर धरली. आलेख डावीकडे वर सुरू होत होता, तिथून उतरत खाली येत होता, एका खड्ड्यात जाऊन परत उजवीकडे चढत जात होता. ती चढणीने वर गेली. तिरके टाके लागले. त्यांच्यापुढे काही लागलं नाही. बोट थांबलं नाही, पुठ्ठ्याच्या कडेवरून पुढे गेलं, टेबलावरून गेलं, टेबल संपलं तसं हवेत गेलं, आणि तिथे क्षणभर तसंच राहिलं. सरांनी खाली पाहिलं.

मग ती डाव्या टोकाला आली. तिथे बोट अडकलं. टणक, गोल.

ती एकदम गोंधळली. पुन्हा चाचपलं. मग चेहरा मशीनच्या दिशेने वळवून म्हणाली, "काकू, हा तुमचा की सरांचा?"

काकूंचे ओठ उघडले.

"काकूंनी बोलायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

काकूंनी ओठ मिटले. एवढा एक मणी, आणि त्याच्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. बरोबरच होतं. एकदा फसलेलं बोट दुसऱ्यांदा का म्हणून भरवसा ठेवील? काकू मनात म्हणाल्या, देवा, तिच्या हाताला आज माझी चूक आठवू देऊ नकोस.

मुलीने पुठ्ठा उचलला आणि उलटा केला. पाठीमागे हात फिरवला. एका टोकाशी रबराचा तुकडा लागला, दुसऱ्या टोकाशीही लागला. तिने तो नखाने खरवडून पाहिला, नाकाशी नेला.

"लोकर इथे मागे संपलीय, पंक्चरखाली," ती म्हणाली. "दोन्हीकडे. म्हणजे पुढे गाठीचं काही काम नाही. पुढे आहे तो मुद्दाम लावलेला आहे. सरांचा आहे."

"बरं, मग?" सर म्हणाले.

मुलीने पुठ्ठा सुलटा केला आणि हात आडव्या दोरीवर चपटा ठेवला. "प्रांत, उणे दोनपासून, उणे दोन धरून, आणि तिथून उजवीकडे कितीही." मग उभ्या दोरीवर हात नेला. मोठ्या बाई पुढे सरकल्या. "विस्तार," ती म्हणाली आणि थांबली, कारण मणी तीनच्या उंचीवर होता आणि तिथूनच सुरुवात करावी असं कुणालाही वाटलं असतं. तिची बोटं मण्यापासून खाली उतरली, खड्ड्याच्या तळापर्यंत, आणि खुणा मोजल्या. "विस्तार टोकापासून नाही, खड्ड्यापासून. उणे एकपासून, उणे एक धरून, वर कितीही. टोकाची उंची तीन आहे, पण आलेख तीनच्या खाली गेलाय ना, मग खालची उत्तरं सोडायची कशी?"

"सोडायची नाहीत," सर म्हणाले.

मोठ्या बाई उठल्या. "मला यातलं काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हिने तुमच्याशी वाद घातला आणि तुम्ही हरलात, एवढं कळलं. गणितच राहू दे हिचं." जाताजाता काकूंकडे वळून म्हणाल्या, "तुमची शिष्या गेली हो."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांना जाणवलं की ते म्हणणं थोडं दुखतंय, नव्या अंगरख्याची शिवण काखेत टोचावी तसं. दोनचार धुण्यांत मऊ पडेल.

मुलगी मागे रेंगाळली. सर कपाळ सांभाळत बाहेर पडल्यावर ती टेबलाला धरून काकूंपाशी आली.

"एक सांगू? राग नाही ना यायचा?"

"सांग."

"तुमचा बाण वाकडा आहे. एक टाका लांब, एक आखूड."

"आखूड टाका आम्ही सरांच्या कागदावरून घेतला. त्यांना जाऊन सांग."

"सांगणारच आहे," वकील म्हणाली. तिने सवयीने अंगठा कॉलरमध्ये घालून तिकोनी बटण चाचपलं आणि भिंतीला धरून निघाली. दारात थांबून म्हणाली, "आणि रविवारी मी शिवायला येईन. गणिताला रविवारी सुट्टी असते." उत्तराची वाट न पाहता ती गेली.

जुने पुठ्ठे सगळे उसवून पुन्हा शिवायचे होते. नवऱ्याने जुन्या ट्यूबचे तुकडे एका डब्यात भरून दिले होते आणि डब्यावर खडूने मोठ्या अक्षरात गणित असं लिहिलं होतं. त्यानंतर काकूंची एक नवी सवय झाली. पुठ्ठा पुरा झाला की त्या तो लगेच बाजूला ठेवायच्या नाहीत. डोळे मिटायच्या, बोट लोकरीवर टेकवायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेऊन पाहायच्या. दारातून जाणाऱ्याला वाटायचं, काकू देवाचं नाव घेत बसल्या आहेत. तेही त्या घेत असायच्या.